जागा : दोन

पुठ्ठा टॉवेलच्या खोक्याचा,
अक्षर शेजारच्या नववीतल्या पोरीचं :
‘लहान मुले सांभाळली जातील. घरगुती. जागा : दोन.’
एक पिठाच्या गिरणीत लावला, दोन दिवसांत पांढरा झाला,
एक औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांमागं.
तेवढ्यावर फोन येतात.
पहिला प्रश्न, किती घेता.
दुसरा, कमी नाही का होणार.
पोराचं नाव तिसऱ्या फोनला कळतं, कधी कळतच नाही.

वीस वर्षं विड्या वळल्या मी.
हजार मोजून दिल्या की कारखान्यात
वाकडी तेवढी बाजूला काढायचे, तिचे पैसे नाहीत.
आता निवडते मी.
हे कुणाला बोलून दाखवत नाही.
बघायला येणाऱ्यांना वाटतं, तेच बघताहेत.

बघू देत.
जिन्याचं दार, गॅसची नळी, मोरीचा उंबरा,
पाण्याची टाकी, तिचं झाकण, झाकणावरचा दगड.
आमच्याकडं पाणी चार दिवसांनी येतं,
त्या दिवशी पोरं मोरीतून बाहेर निघत नाहीत,
हेही सांगून टाकते.
तोवर माझं लक्ष बापाच्या बोटांवर :
पोराचं नाक पुसतो, की बायकोकडं बघतो?

जुळे सोलापूरचे आले होते, गाडी बोळात मावेना.
म्हणाले, कॅमेरा आम्ही बसवू, खर्च आमचा,
ऑफिसात बसून सगळं दिसेल.
म्हटलं, बसवा की.
पण मग संध्याकाळी मला विचारणार काय?
विचारायचं काही उरलं नाही
की माणसं दारातूनच पोर उचलतात, पिशवीसारखं.
हसले. फोन करतो म्हणाले.

एक आजी आल्या सुनेला घेऊन.
चटई पसंत, खिमट पसंत, मी पण पसंत.
चपला घालता घालता आवाज जरा खाली,
‘इथं आणखी कोणाकोणाची मुलं असतात?’
म्हटलं, सिव्हिलमधल्या नर्सबाईंची चिन्नी,
रंगारी सलीमभाईंचा रय्यान. त्याला सुळे येताहेत, चावतो.
आजी म्हणाल्या, चावतो म्हणजे अवघडच.

मे सरला, पुठ्ठा तसाच.
नवरा म्हणाला, कडक भाकरी तरी महिनाभर टिकते,
तुझा हट्ट नाही टिकायचा.
त्याचंही खरं. बचत गटाचे दोन हप्ते थकलेत.

गुरुवारी अडीचला, ऊन भिंतीतून आत येतं त्या वेळी,
खाकीतच आली एक. हत्तुरे. अक्कलकोट गाडीवर कंडक्टर.
कडेवर बसू, दीड वर्षाचा, मुठीत तिकिटाच्या मशीनचा कागद.
ती बसली नाही, टाकीही बघितली नाही.
‘मावशी, आधीच सांगते, मला उशीर होणार.
आठवड्यातून दोनदा तरी. गाडी बंद पडली तर किती, माहीत नाही.
खोटं सांगून ठेवून जायचं नाही मला.’

दोघी उभ्याच.
उशीर म्हणजे माझं रात्रीचं जेवण,
उशीर म्हणजे नवऱ्याचं तोंड,
उशीर म्हणजे उंबऱ्यावर रडणारं दुसऱ्याचं लेकरू,
ज्याला ‘आत्ता येईल हं’ तेलुगूत पटत नाही, मराठीतही नाही.

इतक्यात बसू म्हणाला, नीरु.
त्याला बघून चिन्नीला आठवलं, नीळ्ळु.
रय्यान आधीच माठाशी, पानी पानी करत.
पाण्याला या घरात चार शब्द, माठ एक.
तांब्या बुडवला.

‘उशिराचे वेगळे पडतील,’ म्हटलं,
‘आणि फोन करायचा. दहा मिनिटं असली तरी.’
‘किती वेगळे?’
सांगितले. कमी करा म्हणाली नाही.
सुटे मोजले, माझ्यासमोर पुन्हा मोजले, दिले.

पुठ्ठ्यावर ‘दोन’चं ‘एक’ केलं. पेन उठेना, दोनदा गिरवलं.

आज तिचा पहिला दिवस.
पावणेआठ झाले. कुंभारीपाशी टायर, फोन आला होता.
बसू माझ्या पायावर बसून
जाणारी प्रत्येक रिक्षा मोजतोय
त्याला येणाऱ्या एकाच आकड्यात.