हाडाचे डोहाळे

टिलोत्साना आज पुन्हा हाड चघळत उभी होती.
कुणाचं, कोण जाणे: गेल्या दुष्काळातल्या गाढवाचं,
नाहीतर तिच्याच एखाद्या मावशीचं.
तोंडाच्या कडेनं बाहेर आलेलं, विडीसारखं,
लाळेची तार खाली वाळूपर्यंत.

ओत्सिले म्हणतो, इथलं गवत पोटाला पुरतं,
हाडांना पुरत नाही.
मग हाडानं हाडाकडेच मागायचं, दुसरं कोण देणार
ह्या कलहारीत?

मार्चमध्ये लोबात्सेहून कंपनीचा माणूस आला होता.
बोअरवेलपाशी पाच लाकडी खोकी मांडली त्यानं:
मीठ, चुना, फॉस्फेट, निळंशार मोरचूद,
आणि काकवीत कालवलेला कोंडा.
जनावराला उपजत कळतं, म्हणाला,
ज्याला जे कमी तेच ते बरोबर उचलतं.
मग सावलीत खुर्ची टाकून वही उघडली.

गाई आल्या.
काकवीचं खोकं लाकडासकट चाटलं.
मीठ संपवलं.
मोरचुदाला कुणी विचारलंसुद्धा नाही.
फॉस्फेट हुंगून टिलोत्साना फुरफुरली,
पांढरी पूड उडून त्याच्या वहीवर बसली,
आणि ती चालती झाली, तिच्या हाडाकडे.

काय उणं आहे ते शरीराला कळतं.
कुठल्या ताटात वाढलंय ते नाही कळत.

आणि हाडाला कधी सडक्या मांसाचा कण चिकटलेला असतो.
तेवढा पुरतो.
चार दिवसांत मागचे पाय ओढत गाय पाण्यापर्यंत येते,
पिता मात्र येत नाही, जीभ लोंबत राहते.
अशा अकरा जाळल्यात ओत्सिलेनं.
आकडा तो सांगत नाही, मी मोजलेत.

मला सातवा.
वारुळाची माती तव्यावर भाजून खिशात ठेवते,
खडा गालात धरला की दिवस निघतो.
नर्स गोसेगोनं लोहाच्या गोळ्या दिल्यात,
म्हणते, ही माती उलट लोह अडवून धरते, बाई.
गोळीला गंजक्या खिळ्याची चव.
मातीला कसली, ते मला सांगता येत नाही.
सासरा असून ओत्सिले त्यावर एक शब्द बोललेला नाही.

काल त्यानं ट्रॅक्टरचा जुना टायर मधोमध चिरला,
त्यात मीठ आणि ती पांढरी पूड एकत्र कालवली.
टिलोत्साना मिठासाठी आली, पूडही खाऊन गेली.
फसवलंत तिला, मी म्हटलं.
मीठ फसवत नाही, तो म्हणाला, बोलावतं फक्त.
रात्री आंबट दुधाच्या वाटीशेजारी
गोळी ठेवलेली, चिमूटभर मिठावर.
मी गिळली. मग खडाही खाल्ला.

हाड त्यानं आज पहाटे शेकोटीत घातलं.
ते तडकलं, काळं पडलं, मग पांढरं झालं.
ऊन चढल्यावर टिलोत्साना तिथे आली,
हुंगलं, बराच वेळ उभी राहिली
आणि निवलेली राख चाटू लागली.

ओत्सिलेनं हाकललं नाही.
मी गालातला खडा त्या गालातून ह्या गालात घेतला.