शिंगं साळावीत तशी

बारा फुटांची शिडाची होडी. सातशे दिरहॅम.
विकणाऱ्या डंकनला स्कॉटलंडला परतायचं होतं, घाईत होता.
ट्रेलर फुकट दिला, त्याचं एक चाक बसलेलं.

उम्म अल क्वैनच्या खाडीवर, बर्फाच्या कारखान्यामागे,
ओबैद बिन खल्फानच्या शेडखाली ती पालथी घातली आहे.
शनिवारी पहाटे साडेचारला मी येतो.
त्याआधी दव असतं. दवात लावलेला रंग
उजाडेपर्यंत मोतीबिंदू झाल्यासारखा होतो.
सातनंतर रेझिन डब्यातच उकळतं,
हातातल्या हातात त्याचा दगड.
मधले अडीच तास माझे.

मी आटपाडीचा.
चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला,
विमानाच्या खिडकीतून, अर्धा. उरलेला पंखाखाली.
पोहता येतं, पण विहिरीतलं:
वरून खाली, आणि परत वर.

ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीस, मग दोनशेवीस.
पांढऱ्याखाली हिरवा निघाला.
बेपूरचा सुतार कुंजांबू चहा फुंकत म्हणाला,
हा फिलिपिनो नर्सच्या नवऱ्याचा, दोन हिवाळे टिकला.
हिरव्याखाली पिवळा.
ह्याची कंपनी बुडाली, रात्रीत गेला,
ब्रश तसाच डब्यात उभा.
पिवळ्याखाली निळा.
निळ्याचं कुंजांबूलाही ठाऊक नव्हतं.

बेंदराच्या आदल्या दिवशी अण्णा काच फोडायचे,
नीट बघून एक तुकडा निवडायचे
आणि खिल्लाराची शिंगं साळायला बसायचे.
एकाच दिशेनं. बुडाकडून टोकाकडं.
माझ्या हातात काच देताना म्हणाले होते,
जास्त साळलंस की रक्त येतंय,
आणि रक्त आलं की हौश्या वर्षभर
तुझ्या हाताला डोकं द्यायचा नाही.

डाव्या कुशीला माझा हात जास्त चालला.
रंग संपला, कवच संपलं, आतले धागे दिसले,
जुन्या सदऱ्याची कॉलर विरते तसे.
मी थांबलो. तिच्यावर थाप मारून
मोठ्यानं म्हणालो, हो, हो, हो.
कुंजांबूनं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

फोनवर इंदुमती विचारते,
मार्चात व्हिसा संपतोय, कायमचे येताय,
मग ही होडी कुठं चालवणार, विहिरीत?
मी म्हणालो, अजून एक हात बाकी आहे.
ती म्हणाली, तेवढं ऐकू आलं, पुढं बोला.
पुढं काही नव्हतं.

हिंगूळ मिळाला नाही.
शारजाच्या दुकानात बारा लाल होते,
प्रत्येकाला नंबर, एकालाही नाव नाही.
मी दोन विकत घेतले, त्यात डंकनच्या उरलेल्या वार्निशचा थेंब,
काडीनं ढवळत राहिलो, डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं.
जवळपास.
फक्त नाळेला लावला, वितभर.
बाकी पांढरी, खाली चिकटपट्टी ओढून पाणरेषा.

दुसरा हात ओला असताना शमाल सुटला.
ताडपत्री धरायला आम्ही धावलो, आधी वाळू पोचली.
कुंजांबू म्हणाला, घासून काढ, परत लाव.
वाळल्यावर मी तळवा फिरवला:
बैलाची जीभ.
राहू दे म्हणालो.

जानेवारीत ओबैदच्या पोरांनी ढकलली.
पाणी लागताच ती शहारली,
एकदा मागं सरली, मग उतरली.
मधल्या पात्याच्या लाकडी खाचेतून पाणी झिरपायला लागलं.
काठावरून कुंजांबू ओरडला, लाकूड फुगेल, थांबेल!
कधी, ते सांगितलं नाही.

खारफुटीपर्यंत गेलो असेन, शंभर हात.
शीड नीट भरलं नव्हतं, मला भरता येत नव्हतं.
रंगाच्या रिकाम्या डब्यानं पाणी उपसत होतो,
नखांच्या कडांना लाल
राहिलेला, केरोसिननं न निघणारा.