फुकटा पूल

ईस्टन आणि फिलिप्सबर्ग. मध्ये डेलावेअर नदी,
नदीवर जुना लोखंडी पूल.
टोल नाही, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला फुकटा म्हणतात.

मी गाडी पेनसिल्व्हेनियात लावते,
डोनटच्या दुकानामागे, दिव्याच्या खांबाखाली.
मॅगझिन काढते. चेंबर बघते, मग बोट घालून पुन्हा बघते;
नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, असं शिकवणारा म्हणाला होता.
डिकीत पेटी, पेटीला कुलूप,
किल्ली डाव्या बुटात.
मग चालत न्यू जर्सीला जाते,
रात्रपाळीला.

पाकिटात शेरीफच्या ऑफिसातलं कार्ड आहे.
रोवेना टी. हॅझलेट. डोळे घारे.
वीस डॉलर, पाच वर्षं.
फोटो काढणारी म्हणाली होती, हसलात तरी चालतं.
पुलाच्या या टोकाला ते कार्ड म्हणजे परवाना.
त्या टोकाला दाखवलं
तर लायब्ररीचं कार्ड दाखवल्यासारखं,
फक्त लायब्ररीवाले तुरुंगात टाकत नाहीत.

क्लेटननं आयुष्यात कसलं कार्ड काढलं नाही.
कोर्टानं त्याला बजावलंय, तीनशे यार्ड लांब राहायचं.
मी पावलं मोजून पाहिलीत.
पूल तेवढा लांबसुद्धा नाही.

नोव्हेंबरातली गोष्ट.
गाडी बंद करते तोच बहिणीचा फोन,
तिच्या छताची गळती, तिचा सुतार, सुताराचं बिल.
बोलता बोलता मी थर्मास घेतला, पिशवी घेतली, दार लावलं.
पुलाच्या मधोमध पिशवी मांडीवर आपटली
आणि कळलं,
हे कॉफीचं वजन नाही.

हद्द तिथंच कुठंतरी आहे. रंगवलेली नाही.
खाली पाणी दोन्हीकडचं एकच, काळं.
चार पावलं मागं मी कायद्यानं वागणारी बाई,
चार पावलं पुढं गुन्हेगार,
आणि जिथं उभी होते तिथं कोण,
ते सांगायला कुणी वकील नव्हता.
एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.
मी अंग चोरलं, पिशवी पोटाशी धरली,
तान्हं मूल धरावं तशी.

मागं फिरले.
आणि खरं सांगते, कुणाला सांगितलेलं नाही:
तेवढं परत जाताना
त्या पुलावर पहिल्यांदा मला भीती वाटली नाही.
पेटीला कुलूप लावून पुन्हा निघाले
तेव्हा ती होती तिथंच, कठड्यापाशी, वाट बघत.

मिसेस होलुबेक अठ्ठ्याऐंशीच्या.
त्यांचा नातू एमरी. एकोणीस वर्षांचा होता.
बापाचा ड्रॉवर उघडा राहिला होता,
एवढंच त्या सांगतात, दर वेळी एवढंच,
आणि हाताने ड्रॉवर ढकलल्यासारखं करतात.
पहिल्याच रात्री त्यांनी मला विचारलं होतं,
"तुझ्याकडे आहे?"
मी म्हटलं, "इथं नाही."
"बरं," म्हणाल्या.
त्यांनी "इथं" ऐकलं की "नाही",
मला आजवर विचारवलं नाही.

त्या रात्री मी चौदा मिनिटं उशिरा पोचले.
आधीच्या पाळीची फिलोमिना कोट घालूनच बसलेली,
एक अक्षर न बोलता निघून गेली.
म्हातारी जागी होती.
"उशीर?"
"एक वस्तू ठेवायला परत गेले होते."
त्यांनी माझे हात पाहिले. रिकामे.
"ठेवलीस?"
"ठेवली."
"कुलूप?"
"लावलं."
"किल्ली?"

मी खुर्चीत बसले, डाव्या बुटाची नाडी सोडली.
किल्ली गरम होती, पायाच्या घामानं थोडी ओली.
त्यांनी तळहात पुढं केला.
मी ठेवली.
त्यांनी मूठ मिटली
आणि चष्मासुद्धा न काढता झोपी गेल्या.

रात्रभर मी त्यांची कूस बदलली, गोळ्या दिल्या, चादर बदलली.
मूठ तशीच.
सकाळी सहाला, खिडकीतून पूल दिसायला लागल्यावर,
त्यांच्या पलंगाशी गुडघ्यांवर बसून
मी त्यांची बोटं उघडली,
करंगळीपासून,
एकेक.