चुन्याचा माल

शुक्रवारी दुपारी तीननंतर
मी भिंती पाडते.
करारात वेगळं लिहिलंय :
कार्यशाळा तंत्रज्ञ, अर्धवेळ,
उन्हाळ्याचा पगार नाही.

ग्रिम्सबीच्या या कॉलेजात विटांना सिमेंट लावत नाहीत.
चुना आणि वाळू, एवढंच.
दिसायला माल तोच, थापीवर बसतोही तसाच,
फक्त धरत नाही.
म्हणजे सोमवारी त्याच विटा पुन्हा कोऱ्या.
लाकडी हातोडीनं हलकी टकटक,
आणि पोरांचा आठवडा
थराथरानं माझ्या हातात येतो.

कुणाची भिंत कुठली, नाव न वाचता कळतं.
जोडीचे सांधे दहा मिलिमीटर म्हणजे दहाच.
ब्रॅडनची घाई : खालचा थर वाकडा, वर नुसती सावरासावर.
आणि रीस
पाच थरांवर सोडून जायचा, व्हेप ओढायला,
परत यायचा तेव्हा पाटीतला माल सुकलेला.

शाळेनं त्याला तीन ओळींत आटपलं होतं.
इंग्रजीत नापास, गणितात नापास,
बुधवारी सकाळी दोन्ही पुन्हा.
काटकोन म्हणजे काय, विचारलं की गप्प.
पण दोरी हातात दिली की
तीन, चार, पाच मोजून
कोपरा असा लावायचा की मास्तरांचा गुण्या खिशातच राही.
हे गणितच आहे, असं
आम्ही कुणी त्याला सांगितलं नाही.

एकदा दोरीला लोंबतं वजन वर धरून म्हणाला,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
ओळंबा, मी म्हटलं.
बावीस वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता.
ओलंबा, तो म्हणाला.
जीभ मागे वळव, टाळूला लाव.
मग सबंध दुपार
प्रत्येक विटेमागे एक ळ.

मार्चमध्ये मुलाखतीची तालीम,
वरच्या मजल्यावरच्या गालिचाच्या खोलीत.
बांधकाम कंपनीची एक बाई, एक निवृत्त बँक मॅनेजर,
पाण्याचा जग.
टाय कॉलेजच्या खोक्यातला, एकच,
आळीपाळीनं सगळ्यांच्या गळ्यात.
खुर्च्या लावायला मी होते, म्हणून ऐकलं.
आतापर्यंतच्या कामाबद्दल सांगा.
डेबीनं त्याच्याकडून घोकून घेतलं होतं :
मी वक्तशीर आहे, मला चौघांत काम करायला आवडतं.
तो टायशी झटत राहिला.
मग म्हणाला,
"एकेचाळीस भिंती बांधल्या.
एकही उभी नाही.
हिनं पाडल्या."
आणि बोट माझ्याकडे.

मॅनेजर हसले.
बाई हसली नाही, काहीतरी लिहून घेतलं.

जूनमध्ये प्रवेशद्वारावर मोठा फलक लागला,
शेकडा इतके इतके नोकरीला.
रीस त्या आकड्यात आहे.
ब्रॅडन मासळीच्या गोदामात, रात्रपाळीला,
तीही नोकरीच, म्हणजे बहुधा तोही.
जोडी अजून अर्ज पाठवतेय.
तिच्याइतकी भिंत इथे कुणाची नव्हती,
हे मी दोन ठिकाणी फोन करून सांगितलं.
कळवतो म्हणाले.

पहिल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत रीसचा फोन.
"इथे सिमेंट आहे."
मग बराच वेळ नुसता वारा.
"चुकलं तर तसंच राहणार ना ते?"
राहील, मी म्हटलं.
आणखी काय म्हणायचं सुचलं नाही.

परवा क्लीथॉर्प्सच्या बसमधून दिसली,
त्यानं सांगितलेल्या गल्लीच्या तोंडाशी,
कचऱ्याच्या डब्यांना आडोसा म्हणून,
कमरेएवढी.
पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले.
कोपरा सरळ. चौथ्या थरात एक वीट
केसभर बाहेर.
सवयीनं अंगठ्यानं ढकलून पाहिली,
मग तळहातानं.

पुढची बस वीस मिनिटांनी होती.