पाणी पाच-दहाला येतं

किल्ली इस्त्रीवाल्याकडे होती.
कन्नमवार नगर, जिन्याखालचं टेबल, रामदुलारे.
त्याने माझ्याकडे नाही, सायकलकडे पाहिलं.
नंदुरबारहून? हिच्यावर?
आणि कोळशाच्या इस्त्रीमागून काढून दिली
गरम किल्ली.

तीन मजले. आधी सायकल खांद्यावर,
मग पिशव्या.
वळणावर हँडल भिंतीला घासलं,
काळा ओरखडा उठला. थुंकी लावून पुसला,
तर आणखी पसरला.

नवापूरला, सुरगाण्याला,
विक्रमगडच्या पुढे लाडक्या वरठाच्या पाड्यावर
माणसं दारातच उभी असायची.
आधी जेवलीस का, मग कुठली कोण.
सहा रात्री, सहा घरं,
आणि निघाले की मागून फोन जायचा पुढच्या घराला:
येतेय ती बाई. तिखट जपून घाला.

इथे दाराला कुलूप,
आत मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी:
मी कुंदा पेडामकर. रात्रपाळीला गेले.
कुळथाची पिठी गरम करून घे, भात कुकरात आहे.
पलंगावरच झोप. मी दिवसा झोपते, पलंग एकच पुरतो.
पाणी पाच-दहाला येतं, पस्तीस मिनिटं.
आधी पिंप, मग हंडे.
तेवढं कर.

तेवढं कर.
सहा घरांत मला कुणी
ताटसुद्धा उचलू दिलं नव्हतं.

आणि मी झोपून राहिले.
जाग आली तेव्हा पावणेसात, नळातून नुसता वारा,
पिंपाच्या तळाशी जेमतेम तांब्याभर.
रात्रभर आजारी माणसांचं करून
एक बाई आता घरी येणार होती, आंघोळीला.
सायकलच्या दोन्ही बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या.
लिहिलं: चुकले. हे लाडक्याच्या विहिरीचं आहे. पिण्यापुरतं.
वाकडं झालेलं चाक काखेत मारून
भांडुपच्या कारागिराकडे गेले,
नव्हे, पळाले.

चाक बाराला सरळ झालं.
ती झोपली असेल म्हणून वर गेले नाही.
खाडीकडच्या रस्त्यावर एका बंद टपरीच्या सावलीत
चाक मांडीवर घेऊन बसले, आऱ्या मोजल्या.
छत्तीस. पुन्हा मोजल्या.

सात वाजता किल्ली पुन्हा गरम.
पलंगावर उशीला नवा अभ्रा.
बरणीखाली:
शेजारच्यांनी दोन हंडे दिले, भागलं.
तुझ्या पाण्याचा चहा केला. साखर विसरले,
कपभर संपल्यावर कळलं.
दुसरी बाटली उघडली नाही. असू दे माझ्याकडे.
जिन्यातल्या डागाचं मनाला लावून घेऊ नकोस,
तिथे आधीच बरेच आहेत.

त्या रात्री मी झोपलेच नाही म्हणा ना.
पाच-दहाला नळ खोकला, मग आला.
पिंप भरलं, हंडे भरले, कळशी, कुकर, त्याचे डबे,
पातेली, मग पेले,
शेवटी वाट्यासुद्धा भरून ओळीने लावल्या
आणि मग एकटीच हसत सुटले,
कारण स्वयंपाकाला आता एक भांडं उरलं नव्हतं.

रामदुलारे टेबलाखाली घोरत होता.
गार इस्त्रीचं झाकण उचलून
राखेत किल्ली ठेवली.

पेणला सातव्या घरी
विद्युल्लता मोकल वाढता वाढता म्हणाली,
मुंबईत कुणाकडे होतीस?
म्हटलं, कुंदाताईंकडे.
दिसायला कशा आहेत?

घास घेतला, थोडा वेळ काढला.
उंच असाव्यात, म्हटलं.
त्यांच्या घरातल्या वाळवणाच्या दोरीला
माझा हात पोचत नव्हता.