सत्तावीसची ओळ

आठ महिने त्या पिवळ्या दिव्यावर
देवकरणने काळी टेप चिकटवून ठेवली होती.
"रात को आँख में लगती है," म्हणाला,
आणि मीही, खरं सांगायचं तर,
मान डोलावून खुर्च्या मोजायला गेलो.

आज रेल्वेवरच्या साध्या पुलावर
पिकअप दमली.
मागे तीनशे खुर्च्या, चार गालिचे,
आणि नवरदेवाचं मखमली सिंहासन
दोरीनं आवळलेलं, पाय वर करून.
पहिल्या गिअरात कण्हत कण्हत
लोहामंडी गाठली तेव्हा चार वाजले होते.
सहाला राऊत मांडव भरायचा.

नसरू उस्तादांनी बॉनेटला हातच लावला नाही.
आधी नखानं टेप सोलली,
भेटवस्तूवरची किंमत सोलावी तशी.
मग स्टिअरिंगखाली डोकं घालून
कुठल्याशा दोन भोकांत तारेचा तुकडा खुपसला
आणि म्हणाले, "अब गिनो."

दिवा लुकलुकला दोनदा. थांबला.
मग पुन्हा, भराभर.
मी सहा मोजले, देवकरणने आठ.
उस्ताद आमच्याकडे पाठ करून विडी पेटवत होते.
"सात," म्हणाले.
तो तीन-तीनदा सांगतो तेच;
पहिल्या खेपेला कुणी ऐकत नाही
हे बनवणाऱ्यांना ठाऊक असावं.

त्यानंतर चार, आणि तीन.
"ये पुराना है. पिछले मालिक का होगा."
आधीचा मालक खंडव्याचा, कापूस वाहायचा.
त्याचं कसलंसं दुखणं
इतकी वर्षं माझ्या गाडीत
नंबर लावून बसलं होतं.

भिंतीवर कोडांची यादी, प्लास्टिकमध्ये मढवलेली.
सव्वीस स्पष्ट वाचता येतो. अठ्ठावीसही.
सत्तावीसच्या जागी नुसता तेलकट डाग:
बोट ठेवून ठेवून ओळच झिजून गेलेली.
मला उगाच बरं वाटलं.
बहुतेक एवढ्यासाठीच, की आपण पहिले नाही.

"रेल प्रेशर का सेन्सर," उस्ताद यादीकडे न बघता.
मी म्हटलं, तो तर दिवाळीत बदललाय.
बिल आहे. दोन हजार दोनशे.
"तो? नया भी वोई बोल रिया है ना?
कोड शिकायत है, भिया. बीमारी थोड़ी है."

मग त्यांचं बोट तारेवरून चालत निघालं,
क्लिपेपाशी थांबत, वळणावर मागे येत,
एका जागी उंदरानं कुरतडलंय असं वाटून
खाली वाकून हुंगून पुढे जात.
राऊहून तिसरा फोन आला.
निघालोच, म्हणालो. बॅटरीचा ट्रे तेव्हा जमिनीवर होता.

ट्रेखाली तांब्यावर हिरवट पीठ चढलेलं.
उस्तादांनी फुंकर मारली आणि हसले.
"सब बराबर बोल रिया था बेचारा.
बस, अर्थ नी मिल रिया इसको."

मी इंदूरातच वाढलो,
दोन्ही भाषांत उधारी केली, दोन्हींत बुडवलीही;
तरी क्षणभर समजेना
ते कोणत्या भाषेतलं बोलले.
अर्थ म्हणजे इथे एक काळी जाड तार,
टोकाला दहा नंबरचा बोल्ट.
पॉलिशपेपरनं घासली, आवळली.
चाळीस रुपये.

जुनं सगळं पुसायला
दहा मिनिटं बॅटरी सोडून ठेवली.
रेडिओ आपली स्टेशनं विसरला,
घड्याळ बारावर जाऊन उभं राहिलं,
सत्तावीस गेला, खंडव्याचा त्रेचाळीसही गेला.
तो कशाचा होता, विचारायचं राहूनच गेलं.

चावी फिरवली. दिवा लागला,
आम्हा तिघांकडे नीट बघितल्यासारखा,
आणि विझला.

पुलावर गाडी तिसऱ्या गिअरात चढली.
देवकरण काही बोलला नाही.
पण ती टेप त्यानं फेकली नव्हती;
डॅशबोर्डाच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी
अलगद चिकटवून ठेवली होती,
एक टोक दुमडून,
पुन्हा काढायला सोपी जाईल अशी.