गणपूर्ती

सभा साडेसहाची. सात वाजत आले तरी
मी, अध्यक्ष तारळेकर, आणि उघडं इतिवृत्त.
बाकीच्यांतले दोघे कोइमतूरला गलाईच्या भट्टीपुढे,
एक कराडला डायलिसिसवर,
एकाचा फोन नुसता वाजतो.
भिंगारदेवे सर जाऊन तीन वर्षं झाली,
परिशिष्ट एकवर मात्र अजून हयात आहेत.
बदल अर्ज सांगलीला, धर्मादायच्या कचेरीत पडलेला,
आणि बँक म्हणते, सही त्यांचीच लागेल.

लेंगरे रस्त्यावरच्या या शाळेत घंटा नाही.
मालनबाई व्हरांड्यातला दिवा दोनदा घालवतात, लावतात,
की बेचाळीस पोरं ताटल्या घेऊन एकदम उठतात.

मी पत्र वाचून दाखवते:
चालू अंदाजपत्रकात आपल्या लेखाशीर्षाखाली
तरतूद रुपये एक हजार फक्त.
सगळ्या राज्याला.
टोकन म्हणतात याला.
शीर्ष मरू नये म्हणून तोंडात सोडलेला थेंब.
मी भागाकार करून ठेवलाय, कारकुनाची खोड:
आपल्या वाट्याला दोन रुपये साठ पैसे.

तारळेकर हसत नाहीत.
चष्मा पुसतात, पुसतच राहतात.
"इमारत निधीत सव्वाचार लाख आहेत की."

आहेत. जगन्नाथशेटनी आईच्या नावाच्या खोलीसाठी दिलेले.
पावतीवर माझंच अक्षर: फक्त बांधकामासाठी.

"आणि डाळ कुठल्या बांधकामात दाखवू?"

"हाडांच्या," ते म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं.
ऑडिटरच्या लाल शाईत हाड कसं लिहितात
मला माहीत नाही.
किराणा दुकानाची उधारी माहीत आहे,
एक लाख अठरा हजार,
आणि दुकानदार आता नमस्कार आधी करत नाही.

दारातून ऋतुजा हसबे डोकावली, तिसरीतली.
बोटं नाचवून विचारते, किती आले?
मी दोन बोटं दाखवली.
ती मान हलवते. मला मोजते, अध्यक्षांना मोजते,
मग भिंतीवर, हाराच्या सुकल्या दोऱ्यामागे
भिंगारदेवे सरांना.
तीन.

आमच्या घटनेतही तीनच लागतात.

तरी मी लिहिलं, हजर दोन.
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
अर्ध्या तासाने याच जागी, याच विषयांवर,
आणि तेव्हा गणपूर्तीची गरज राहणार नाही.
विषय क्रमांक दोनपुढची जागा कोरी सोडली.

व्हरांड्यातला दिवा गेला. आला. पुन्हा गेला.
बिल थकलंय म्हणून की जेवण झालंय म्हणून,
मला कळेना.
मुलं उठली.